‘आनंद गगनात मावेना’ हे इंग्रजीत कसे म्हणावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अत्यानंद व्यक्त करणाऱ्या इंग्रजी वाक्प्रचारांची यादी आपण पाठ केली, परंतु ‘ओव्हर द मून’, ‘ऑन क्लाउड नाइन’, ‘इन सेव्हन्थ हेवन’, ‘टिकल्ड पिंक’ अशा सगळ्यांपुढे ‘खूप आनंद होणे’ हा एकच अर्थ छापलेला आढळला. मग यांतला कोणता केव्हा वापरायचा, नोकरीच्या पत्रव्यवहारात आणि आयईएलटीएस या आंतरराष्ट्रीय इंग्रजी चाचणीच्या तोंडी परीक्षेत ते चालतात का, आणि मराठीतून विचार करणाऱ्याचे नेमके कुठे चुकते? मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवत आलो आहे, आणि हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

पहिली गोष्ट म्हणजे यादीतला तो एकच अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. स्पर्धा परीक्षेत चार पर्यायांतून अर्थ ओळखायचा असेल तर तेवढ्यावर भागते. बोलायचे किंवा लिहायचे असेल तेव्हा मात्र आनंद कशामुळे झाला, तो किती वेळ टिकला, बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे की दुसऱ्याबद्दल, आणि समोर कोण आहे, या चार गोष्टींवर निवड ठरते. मराठीतही ‘आनंदाच्या उकळ्या फुटणे’ आणि ‘कृतकृत्य होणे’ यांचा अर्थ कोशात जवळजवळ लागेल, पण निवृत्तीच्या भाषणात पहिला आणि लाडका संघ सामना जिंकत असताना दुसरा कोणी वापरत नाही.

‘ओव्हर द मून’पासून सुरुवात करू, कारण आज ब्रिटिश बोलण्यात सर्वांत जास्त कानावर पडणारा हाच आहे. गाय चंद्रावरून उडी मारते असे एक इंग्रजी बालगीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छापील स्वरूपात मिळते, आणि आनंदाने चंद्रावरून उडी मारण्याची कल्पना त्याच्याही आधीच्या लेखनात आढळते. तिचा आजचा प्रसार मात्र बराचसा फुटबॉलने केला. 1970 च्या दशकात सामना जिंकल्यावर दूरचित्रवाणीवर बोलणारे ब्रिटिश संघव्यवस्थापक आणि खेळाडू हा वाक्प्रचार इतक्यांदा उच्चारत की त्याची थट्टा होऊ लागली. हरल्यावर म्हणायचा ‘सिक ॲज अ पॅरट’ हा त्याचा जोडीदारही तेव्हाच प्रसिद्ध झाला. या इतिहासाचा उपयोग एवढाच की ‘ओव्हर द मून’चे काम त्यातून नीट कळते. नुकत्याच कळलेल्या निकालावरची, बातमीवरची ती पहिली प्रतिक्रिया असते. मुलीला प्रवेश मिळाला, घराचे कर्ज मंजूर झाले, वैद्यकीय तपासणीचा अहवाल चांगला आला, अशा वेळी तो शोभतो. ‘शी इज ओव्हर द मून अबाउट द रिझल्ट’ हे वाक्य स्वाभाविक आहे. दुसऱ्याच्या सुखात सहभागी होतानाही तो चालतो: ‘वी आर ओव्हर द मून फॉर यू’. ‘क्लाउड नाइन’ला ही सोय नाही, ‘आय ॲम ऑन क्लाउड नाइन फॉर यू’ असे कोणी म्हणत नाही.

‘ऑन क्लाउड नाइन’ हा अमेरिकेतून आलेला आणि तुलनेने अलीकडचा वाक्प्रचार आहे. त्याची जी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते ती अशी: 1896 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मेघसंग्रहात ढगांचे दहा प्रकार क्रमांक देऊन मांडले होते, त्यांत नववा क्रमांक गडगडाटी पावसाच्या उत्तुंग ढगाचा, म्हणजे क्युम्युलोनिम्बसचा होता, आणि त्याच्या माथ्यावर बसलेला माणूस जगाच्या सर्वांत वर असणार. गोष्ट सुरेख आहे, पण पुराव्यापुढे टिकत नाही. अमेरिकी बोलभाषेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘क्लाउड सेव्हन’ आणि ‘क्लाउड एट’ ही रूपेही प्रचारात होती, आणि 1930 च्या दशकातल्या एका बोलीकोशात ‘क्लाउड एट’चा अर्थ अतिमद्यपानाने आलेली धुंदी असा दिलेला आहे. आकडा बराच काळ स्थिर नव्हता, मग नऊवर येऊन थांबला, इतकेच खात्रीने सांगता येते. त्या धुंदीची छटा मात्र शब्दप्रयोगात आजही शिल्लक आहे. ‘क्लाउड नाइन’वरचा माणूस काही काळ तिथेच असतो; त्याला आजूबाजूचे भान कमी असते. त्यामुळे ‘साखरपुडा झाल्यापासून तो ऑन क्लाउड नाइन आहे’ हे बरोबर बसते, आणि क्षणिक आनंदासाठी तो जड होतो. भारतीय इंग्रजी वर्तमानपत्रांचा हा फार आवडता प्रयोग आहे. पदक मिळवलेला प्रत्येक खेळाडू त्यांत नवव्या ढगावर असतो, आणि त्यामुळे आपल्याकडे तो झिजून गुळगुळीत झाला आहे, असे माझे मत आहे.

‘इन सेव्हन्थ हेवन’ सर्वांत जुन्या कल्पनेवर उभा आहे. सात स्वर्गांची मांडणी ज्यू आणि इस्लामी परंपरेत आहे, प्राचीन खगोलशास्त्रातही पृथ्वीभोवती चंद्रापासून शनीपर्यंत सात ग्रहांची सात गोलके मानलेली होती, आणि आपल्याकडे भूलोकापासून सत्यलोकापर्यंत सप्तलोक आहेतच, त्यामुळे मराठी वाचकाला हा वाक्प्रचार परका वाटत नाही. वापरात मात्र तो बातमीपेक्षा उपभोगाशी जास्त जोडलेला आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात सोडलेला वाचक, आजोळी गेलेले नातवंड, आवडत्या गवयाच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसलेला रसिक, हे ‘इन सेव्हन्थ हेवन’ असतात. कर्ज मंजूर झाल्याच्या बातमीला तो तितकासा जुळत नाही. येथे ‘सेव्हन्थ’च्या आधी सहसा ‘द’ लावत नाहीत. हिंदीच्या प्रभावाने एक गडबड होते, तीही सांगून ठेवतो: हिंदीत रागही सातव्या आसमानावर जातो, इंग्रजीत तिथे फक्त आनंद पोहोचतो.

आता मराठीतून विचार करताना कुठे घसरते ते पाहू, कारण आपल्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच आहे. आनंद म्हणजे वर जाणे ही कल्पना दोन्ही भाषांत आहे, पण मराठीत वर जाण्याला गर्वाचा वास चटकन लागतो. ‘तो सध्या हवेत आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा कौतुक नसते, ‘जमिनीवर या’ असे सुनावण्याची तयारी असते. ‘त्याला स्वर्ग दोन बोटे उरला’, ‘आकाश ठेंगणे झाले’ यांतही आनंदाबरोबर थोडा तोरा मिसळलेला असू शकतो. इंग्रजीतला ‘वॉकिंग ऑन एअर’ मात्र निखळ आनंदाचा आहे, त्यात टीका नाही. त्यामुळे इंग्रज सहकाऱ्याने ‘यू मस्ट बी वॉकिंग ऑन एअर’ असे म्हटले तर त्याने टोमणा मारला असे समजू नये. उलट दिशेने, मराठीतले ‘हवेत असणे’ सांगायचे असेल तर ‘फुल ऑफ हिमसेल्फ’ किंवा ‘सक्सेस हॅज गॉन टू हिज हेड’ अशा वेगळ्याच वाटेने जावे लागते.

कर्तबगारीतून आलेल्या, किंचित अभिमानाची झाक असलेल्या आनंदासाठी इंग्रजीत ‘ॲज प्लीज्ड ॲज पंच’ आहे, आणि मला तो विशेष आवडतो. पंच हे इंग्लंडच्या रस्त्यावरच्या बाहुल्यांच्या खेळातले पात्र. त्याचे मूळ इटालियन नाट्यपरंपरेतल्या पुल्चिनेल्ला या विदूषकात आहे, आणि लंडनमधल्या कॉव्हेंट गार्डन भागात 1662 साली असा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युएल पीप्स या तेव्हाच्या इंग्रज रोजनिशीकाराच्या रोजनिशीत आहे. बाकदार नाक, पाठीवर कुबड, हातात दांडके; समोर येईल त्याला बडवायचे आणि प्रत्येक वेळी स्वतःवरच खूश होऊन चिरक्या आवाजात ओरडायचे, असा त्याचा खाक्या. म्हणून ‘शी वॉज ॲज प्लीज्ड ॲज पंच विथ हर फर्स्ट पेंटिंग’ या वाक्यात केवळ आनंद नाही, ‘बघा, मी केले’ ही भावना आहे. मराठीतल्या ‘अंगावर मूठभर मांस चढले’ याच्या हा बराच जवळ येतो, विशेषतः स्तुती ऐकून चढते ते मांस. लिहिताना पंचचे पहिले अक्षर मोठे काढायचे, कारण ते विशेषनाम आहे. ठोसा या अर्थाचा शब्द तो नव्हे. आजच्या बोलण्यात हेच काम ब्रिटनमध्ये ‘चफ्ड’ करतो. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो सैनिकी बोलीतून सर्वसाधारण वापरात आला, आणि ‘चफ्ड टू बिट्स’, ‘डेड चफ्ड’ अशी त्याची जोरकस रूपे ऐकू येतात. यातल्या ‘डेड’चा मरणाशी संबंध नाही, तो ‘अगदी’ या अर्थाने येतो. अमेरिकेत ‘चफ्ड’ म्हटल्यास समोरचा बहुधा आपल्याला ब्रिटिश मालिकांचा प्रेक्षक समजेल.

उपमेचे वाक्प्रचार, म्हणजे ‘ॲज हॅपी ॲज’ या साच्यातले, यादीत भरपूर असतात आणि वापरात त्यामानाने कमी. त्यांतला ‘ॲज हॅपी ॲज अ क्लॅम’ विद्यार्थ्यांना हमखास कोड्यात टाकतो, कारण शिंपल्यातल्या जिवाने आनंदी का असावे हेच कळत नाही. उत्तर अर्धवट राहिलेल्या वाक्यात आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, न्यू इंग्लंडमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रयोग रूढ झाला तेव्हा त्याला ‘ॲट हाय टाइड’ किंवा ‘ॲट हाय वॉटर’ अशी पुढची शेपटी जोडली जात असे. क्लॅम चिखलातून उकरून काढतात ते ओहोटीला. भरती आली की त्यांना कोणाची भीती नाही. कोकणात किंवा गोव्यात खाडीकाठी राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला बायका निघतात त्याही पाणी उतरल्यावरच. म्हणजे या वाक्प्रचारातला आनंद उड्या मारण्याचा नाही, निर्धास्तपणाचा आहे: निवृत्त होऊन गावी बागेत रमलेला माणूस ‘हॅपी ॲज अ क्लॅम’ असतो, लॉटरी लागलेला नसतो. ‘ॲज हॅपी ॲज लॅरी’ हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडून आला. हा लॅरी म्हणजे सिडनीचा मुष्टियोद्धा लॅरी फोली, ज्याचा मृत्यू 1917 मध्ये झाला, असे एक मत. तिकडच्या बोलीत उनाड तरुणासाठी असलेल्या ‘लॅरिकिन’ शब्दातून तो आला असे दुसरे. ब्रिटनमध्ये तो आजही ऐकू येतो, आणि त्याचाही रोख स्वस्थ, समाधानी आनंदाकडे आहे. ‘ॲज हॅपी ॲज अ सँडबॉय’ मात्र केवळ वाचताना ओळखता यावा इतपत पुरे. दारूच्या गुत्त्यांतल्या जमिनीवर पसरण्यासाठी वाळू विकणारे ते सँडबॉय गेले, आणि त्यांच्यामागून वाक्प्रचारही ओसरला.

प्रदेशाचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी दोन सांगतो. लिव्हरपूल आणि आसपासच्या भागात, तसेच आयर्लंडमध्ये, ‘आय ॲम मेड अप’ म्हणजे ‘मला फार आनंद झाला’. ‘मेड अप’चा रचलेला, खोटा हाच अर्थ पाठ असलेला आपला माणूस तिकडे नोकरीला गेला की पहिल्याच आठवड्यात बुचकळ्यात पडतो. ‘स्टोक्ड’ हा कॅलिफोर्नियातल्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्यांच्या बोलीतून आलेला शब्द. तो तरुणांच्या तोंडी शोभतो आणि झालेल्या आनंदाइतकाच होणार असलेल्या आनंदाच्या उत्साहाला लागतो. ‘टिकल्ड पिंक’ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला अमेरिकी. गुदगुल्या झाल्यासारखे हसू आणि चेहऱ्यावर चढलेली लाली हे त्यामागचे चित्र, त्यामुळे अनपेक्षित कौतुक, छोटीशी भेट, कोणी आठवणीने पाठवलेले पत्र अशा हलक्याफुलक्या कारणांसाठी तो ठीक. पंचविशीतल्या तरुणाने तो वापरला तर थोडा आजीच्या वळणाचा वाटतो, एवढे लक्षात ठेवावे.

‘बिसाइड हरसेल्फ’बद्दल सावध राहावे. त्याचा मूळ अर्थ भान सुटणे असा आहे. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये तो वेड लागलेल्या माणसाला उद्देशून आला आहे. त्यामुळे तो शोकालाही लागतो, संतापालाही आणि काळजीलाही. ‘विथ जॉय’ हे शब्द जोडले नाहीत तर ऐकणारा बहुतेक वेळा वाईटच अर्थ घेतो. मराठीतल्या ‘हर्षवायू होणे’ची तीव्रता यात आहे, पण हर्ष तेवढा स्वतंत्रपणे सांगावा लागतो.

काही वाक्प्रचारांत ‘हॅपी’ शब्द असूनही ते प्रत्यक्षात नाराजी सांगतात. ‘हॅपी बनी’ हा ब्रिटिश आणि ‘हॅपी कॅम्पर’ हा अमेरिकी प्रयोग बहुतेक सगळा ‘नॉट अ’ लावूनच होतो: ‘द बॉस इज नॉट अ हॅपी बनी टुडे’, म्हणजे साहेबांचे आज बिनसले आहे. ‘हॅपी-गो-लकी’ हा आनंदाच्या प्रसंगाचा शब्दच नव्हे, तो बेफिकीर स्वभावाचे वर्णन करतो, आणि नोकरीच्या मुलाखतीत स्वतःबद्दल वापरणे धोक्याचे. ‘हाय ॲज अ काइट’ म्हणजे नशेत असणे. ढगांच्या बाबतीत तर एका शब्दयोगी अव्ययाने माणूस अडचणीत येतो: ‘ऑन क्लाउड नाइन’ असलेला सुखात असतो, ‘अंडर अ क्लाउड’ असलेल्यावर संशयाची छाया असते, आणि ‘क्लाउड कुकू लँड’मध्ये राहणारा भ्रमात असतो. हा शेवटचा शब्द ख्रिस्तपूर्व 414 मधल्या ॲरिस्टोफेनिसच्या ग्रीक नाटकातल्या पक्ष्यांच्या हवेतल्या नगरीच्या नावाचे इंग्रजी रूप आहे.

व्याकरणाचे फारसे नियम नाहीत, पण जे आहेत ते वारंवार मोडले जातात. यांतले बहुतेक प्रयोग टोकाची अवस्था सांगतात, म्हणून त्यांच्याआधी ‘व्हेरी’ येत नाही. ‘ॲब्सोल्यूटली ओव्हर द मून’ चालते, ‘व्हेरी ओव्हर द मून’ चालत नाही. ते नामाच्या आधी विशेषण म्हणूनही बसत नाहीत, म्हणजे ‘ॲन ओव्हर द मून गर्ल’ असे म्हणता येत नाही. आणि एका वाक्यात एकच वापरावा. आपल्या शाळांतल्या निबंधांनी अजरामर केलेले ‘माय हॅपिनेस न्यू नो बाउंड्स’ हे वाक्य चुकीचे आहे का, असेही पुष्कळजण विचारतात. ते चुकीचे नाही, पण जुन्या कथनशैलीतले आहे. मराठीच्या ‘आनंदाला पारावार उरला नाही’ या ओळखीच्या वाक्याशी ते तंतोतंत जुळते, म्हणून आपल्याकडे इतके रुजले. गोष्ट सांगताना ठीक, गप्पांत ते पुस्तकी वाटते.

नोकरीच्या पत्राबद्दल एक नमुनाच घेऊ. ‘आय ॲम व्हेरी मच ऑन क्लाउड नाइन टू रिसीव्ह युवर ऑफर लेटर’ अशा धर्तीची वाक्ये माझ्याकडे तपासायला नेहमी येतात. ‘व्हेरी मच’ अनावश्यक आहे हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की नियुक्ती करणाऱ्याला आपल्या भावनेची उंची नको असते, आपला होकार हवा असतो, आणि तो या वाक्यात कुठेच नाही. ‘आय ॲम डिलायटेड टू ॲक्सेप्ट’ या पाच शब्दांत आनंदही येतो, स्वीकारही येतो आणि आदबही राहते. ‘डिलायटेड’ आणि जरा सलगीच्या कार्यालयात ‘थ्रिल्ड’ हे दोन शब्द औपचारिक पत्रव्यवहारातली जवळजवळ सगळी गरज भागवतात. तीच बातमी त्याच संध्याकाळी मैत्रिणीला कळवताना ‘ओव्हर द मून’ किंवा ‘थ्रिल्ड टू बिट्स’ अवश्य लिहा. अधल्यामधल्या पायरीवर, म्हणजे ओळखीच्या वरिष्ठांना लिहिताना, ‘रिअली प्लीज्ड’ पुरेसे असते. मराठी कानाला ते थंड वाटते हे मला ठाऊक आहे, पण ब्रिटिश लेखनात संयमी शब्दाचे वजन कमी नसते.

आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत गोष्ट वेगळी आहे. तिथे शब्दसंपदेला स्वतंत्र गुण असतात, आणि जाहीर केलेल्या गुणनिकषांत सातव्या पट्ट्यासाठी (‘बँड सेव्हन’साठी) कमी प्रचलित व वाक्प्रचारयुक्त शब्दांचा उल्लेख आहे. शिकवणी वर्ग तेवढेच वाक्य पकडून याद्या वाटतात. त्याच निकषात शैलीचे आणि शब्दांच्या स्वाभाविक जोडीचे भान दिसले पाहिजे असेही आहे, त्याकडे दुर्लक्ष होते. दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी करून एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. समजा आनंदाच्या बातमीविषयी बोलायचे आहे, तर बातमी कोणी सांगितली, आपण तेव्हा कुठे होतो, आई काय म्हणाली हे साध्या इंग्रजीत नीट सांगून योग्य जागी ‘माय मदर वॉज ओव्हर द मून’ असे एकदा म्हटले तर ते शोभून दिसते. दोन मिनिटांत चंद्र, ढग आणि सातवा स्वर्ग तिन्ही आले की परीक्षकाला पाठांतर लगेच कळते. लेखी निबंधात तर यांतला एकही नको.

जे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतात त्यांच्यासाठी एवढेच, की ‘नवव्या ढगावर’ किंवा ‘चंद्राच्या पलीकडे’ असे लिहून वाचकाला अडखळवू नये. प्रसंग पाहावा. ‘ओव्हर द मून’ला बहुधा ‘आनंद गगनात मावेना’ जुळते, ‘क्लाउड नाइन’ला ‘पाय जमिनीवर ठरेनात’, ‘प्लीज्ड ॲज पंच’ला ‘मूठभर मांस चढले’, आणि ‘हॅपी ॲज अ क्लॅम’ला वाक्प्रचार शोधत न बसता ‘अगदी निवांत, मजेत आहे’ असे सरळ लिहिणे उत्तम.

उच्चाराबद्दल आपण विचारले नव्हते, तरी बोलायच्या परीक्षेसाठी ते उपयोगी आहे. यांत आघात शेवटच्या मुख्य शब्दावर पडतो: ‘मून’वर, ‘नाइन’वर, ‘हेवन’वर, ‘पिंक’वर. ‘ओव्हर द मून’मधले ‘द’ जवळजवळ गिळले जाते, आणि ‘हेवन’ म्हणताना जोर पहिल्या अक्षरावर राहतो. मराठी बोलणारे सवयीने प्रत्येक शब्दाला सारखे वजन देतात, त्यामुळे बरोबर निवडलेला वाक्प्रचारही तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो. निवडलेले दोन-तीन प्रयोग पूर्ण वाक्यात, मोठ्याने, एका दमात म्हणून पाहावेत.